जुना डेस्कटॉप पुन्हा पुन्हा अडतोय? आधी तो कुठे अडतो ते बघा, मग पार्ट घ्या

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या डीटीपीच्या (संगणकावर पत्रिका, फ्लेक्स जुळवण्याच्या) दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि त्याच सुमाराला तिथला डेस्कटॉप बसकण मारतो. सकाळी बटण दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगा व्हायला साडेचार मिनिटं. कोरलमधली (आमच्या डिझाईनच्या प्रोग्रॅममधली) फाईल सेव्ह करायला दिली की माऊसच्या जागी गोल चक्र फिरत राहतं. समोर नवरीचे वडील उभे असतात, "ताई, तेवढं मामाचं नाव वर घ्या, बाकी सगळं बरोबर आहे," असं म्हणत असतात, आणि त्या एका ओळीवर क्लिक करायलाही मला थांबावं लागतं.

दोन वर्षांत हे मशीन तीनदा फॉर्मॅट झालं, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. फॉर्मॅट मारला की महिना-दीड महिना बरं चालतं, मग ये रे माझ्या मागल्या. बरं का वाटतं तेही सांगते. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम गेलेले असतात. फाईली तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या नसतात. आणि कोऱ्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरुवातीच्या भागात, म्हणजे तबकडीच्या बाहेरच्या कडेला बसतं, जिथून वाचन सगळ्यात जलद होतं. पुढे अपडेट येतात, फॉन्ट वाढतात, ग्राहकांचे फोटो साठतात. म्हणजे फॉर्मॅटने दुखणं जात नाही, फक्त पुढे ढकललं जातं. तिसऱ्या वेळी दुरुस्तीला आलेल्यांनी "बोर्डच जुना झालाय, सगळंच नवीन घ्या" असं सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की आता पैसे काढण्याआधी स्वतः बघायचं. जे बघितलं ते इथे लिहिते, कारण आमच्यासारखी दहा-बारा वर्षांची मशीन अजून शेकडो दुकानांत आणि घरांत आहेत.

मशीन २०१४ च्या दसऱ्याला घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-५ ४४६०, एच-८१ चिपसेटचा बोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी), ४ जीबी डीडीआर-३ रॅमची (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीची) एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला साधा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. वर्ष बघून कोणीही याला म्हातारं ठरवेल. पण चार कोअर आणि ३.२ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर पत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्सच्या डिझाईनला आजही पुरतो.

पहिली चूक: न मोजता घेतलेली रॅम

सगळंच नवीन घेणं परवडणार नाही म्हटल्यावर दुसरा सल्ला आला, रॅम वाढवा. ४ जीबीची अजून एक पट्टी टाकली. फरक शून्य. चार दिवसांनी कंट्रोल पॅनेलमधलं सिस्टिमचं पान उघडलं, तर तिथे लिहिलेलं होतं: रॅम ८ जीबी, त्यातली वापरता येण्याजोगी ३.४ जीबी. आणि खालच्याच ओळीत, ३२ बिट.

२०१४ मध्ये यात ३२ बिटचं विंडोज ७ टाकलं होतं. पुढे त्यावरच विंडोज १० चं मोफत अपग्रेड केलं, आणि अपग्रेड करताना ३२ चं ६४ होत नाही. नंतरच्या तिन्ही फॉर्मॅटच्या वेळी "आधी होतं तेच" म्हणून पुन्हा ३२ बिटच टाकलं गेलं. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीपर्यंतच रॅम वापरता येते, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर उपकरणांच्या नावावर राखीव जातो. म्हणजे नवी पट्टी स्लॉटमध्ये होती, पण विंडोजच्या लेखी नव्हती.

तुमचं मशीन त्या काळातलं असेल तर काहीही विकत घेण्याआधी हे एक पान उघडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

अडतं त्या क्षणी बघायचं

मशीन मोकळं असताना सगळे आकडे चांगलेच दिसतात. त्यामुळे टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा), त्यातला परफॉर्मन्सचा भाग समोर ठेवा, आणि मग जे काम करताना मशीन रखडतं तेच काम मुद्दाम करा. मी १४० एमबीची फ्लेक्सची फाईल सेव्ह करायला दिली आणि कागदावर आकडे लिहिले. प्रोसेसर ११ टक्के. मेमरी ९१ टक्के. डिस्क १०० टक्के. पण त्याच डिस्कच्या खाली वाचनाचा-लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी, आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ ९०० मिलिसेकंदांच्या वर.

डिस्क शंभर टक्के राबतेय आणि सेकंदाला दीडच एमबी काम होतंय, हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. हीच डिस्क एक मोठी फाईल सलग कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीच्या वर जाते. मग इथे काय होतं? मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एका ठिकाणच्या वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद लागले, तर सेकंदात पंच्याहत्तर-ऐंशी ठिकाणं होतात, त्याहून जास्त नाही. विंडोज, कोरल, अँटीव्हायरस आणि ब्राऊझर चौघेही एकाच वेळी हजारो छोट्या तुकड्यांची मागणी करतात, तेव्हा रांग लागते. माझ्या पडद्यावर फिरणारं चक्र म्हणजे ती रांग.

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं. साधी, सगळ्यात स्वस्त साटा (हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी) एसएसडीसुद्धा सेकंदाला अशी हजारो वाचनं करते. जुन्या मशीनला एसएसडी टाकली की ते नवं वाटतं, असं लोक म्हणतात त्यामागे हे गणित आहे.

पण इथेच थांबू नका. डिस्क १०० टक्के दिसली म्हणजे दोष डिस्कचाच असं नसतं. रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. तेव्हाही डिस्कच राबताना दिसते. हे वेगळं ओळखायला रिसोर्स मॉनिटर उघडा, त्यात मेमरीच्या भागात हार्ड फॉल्ट्सचा, म्हणजे रॅममध्ये न सापडलेला मजकूर किती वेळा डिस्कवरून आणावा लागला त्याचा, आलेख असतो. माझ्याकडे नुसतं कोरल चालू असताना तो आलेख जवळजवळ सपाट होता आणि तरी डिस्क १०० वर होती. कोरलसोबत ब्राऊझरमध्ये व्हॉट्सॲप आणि दोन-तीन पानं उघडली की तोच आलेख सेकंदाला कित्येक शेकड्यांवर उड्या मारायचा. याचा अर्थ दुखणी दोन आहेत. डिस्कचं मुख्य, रॅमचं त्यावर चढलेलं. तुमच्याकडे हा आलेख सतत उंच असेल तर आधी रॅम, सपाट असेल आणि डिस्क भरलेली दिसत असेल तर आधी एसएसडी. प्रोसेसर शंभरला चिकटलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येते.

याच बसणीत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. तो हार्ड डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. पिवळा रंग आणि धोक्याचा शेरा आला. ०५ क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे भाग), आणि सी-५, म्हणजे खराब होण्याच्या वाटेवरचे सेक्टर, दोन्ही शून्य नव्हते. हे दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी बॅकअप. मी त्याच संध्याकाळी अकरा वर्षांच्या पत्रिका, माणसांचे फोटो, ग्रामपंचायतीचे नमुने, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. रात्री साडेअकरा वाजले. आधीचे तिन्ही फॉर्मॅट याच डिस्कवर झाले होते आणि तिच्या या नोंदी कोणीही उघडून बघितल्या नव्हत्या, याचं मला आजही वाईट वाटतं. सी-७ ची नोंद वाढत असेल तर मात्र आधी साटाची वायर बदला. तो दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून वायरीचा असतो.

पैसे न लागता झालेलं एक काम

डीटीपीवाल्यांसाठी खास. माझ्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये २३०० च्या वर फॉन्ट होते. प्रत्येक कोरल नवीन टाकताना आलेले, कोणी सीडीवर दिलेले, पेजमेकरच्या काळातले, एकेका लिपीचे चार-चार संच. कोरल उघडताना या सगळ्यांची यादी तयार होते, म्हणजे तेवढ्याच छोट्या फाईलींना हात लागतो. वर्षभरात वापरलेले फॉन्ट मोजले तर दीडशेच्या आत. बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले, आणि त्याच जुन्या हार्ड डिस्कवर कोरल उघडण्याचा वेळ निम्म्यावर आला.

एसएसडी बसवताना

एच-८१ च्या बहुतेक बोर्डांवर एम-डॉट-टू चा (थेट बोर्डावर बसणाऱ्या चपट्या एसएसडीचा) स्लॉट नसतो. त्यामुळे चपटी एनव्हीएमई एसएसडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अडॅप्टर लावून ती दिसेल, पण या वयाच्या बायोसला (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) तिच्यावरून विंडोज सुरू करता येईलच असं नाही. अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. बोर्डावर साटाचे पोर्ट दोन प्रकारचे असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे, आणि बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. एसएसडी ६ वाल्यात लावा. माझी हार्ड डिस्क एका ६ वाल्यावर आणि डीव्हीडी दुसऱ्यावर होती. दोन्ही ३ वर नेल्या, दोघींचंही काही बिघडलं नाही.

बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे का बघा. जुन्या मशीनमध्ये तो कधी कधी जुन्या पद्धतीचा, आयडीई, ठेवलेला असतो.

आता दोन ठेचा, दोन्ही मी खाता खाता वाचले. पहिली: नवं विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. ती लावलेली असेल तर विंडोज एसएसडीवर बसतं, पण सुरू होण्याचा भाग गुपचूप जुन्या डिस्कवरच राहतो, आणि महिन्याने ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. दुसरी: ३२ वरून ६४ बिटवर जाताना जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (परवाना म्हणून मशीनला लावायच्या काडीचा) विचार आधी करा. आमच्याकडे मराठी लिपीचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर चालतं. ३२ बिटचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला जोडून देणारा प्रोग्रॅम) ६४ बिटच्या विंडोजमध्ये चालत नाही, आणि १६ बिटचे अगदी जुने प्रोग्रॅम तर तिथे उघडतच नाहीत. मी आधी डोंगलचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळवला, घरच्या लॅपटॉपवर डोंगल लावून चालतो का बघितला, आणि मगच दुकानातल्या मशीनला हात लावला. विंडोजचा परवाना मात्र नव्याने घ्यावा लागला नाही. आवृत्ती तीच, होमच्या जागी होम किंवा प्रोच्या जागी प्रो, असेल तर ३२ चा परवाना ६४ लाही चालतो.

तुम्ही आधीच ६४ बिटवर असाल आणि डिस्क निरोगी असेल, तर नव्याने सगळं टाकण्याऐवजी क्लोनझिला नावाच्या मोफत प्रोग्रॅमने आहे तसं एसएसडीवर उतरवता येतं. पण मूळ डिस्क आजारी असेल तर तिचं क्लोन करण्यापेक्षा कोरं विंडोज बरं.

साडेचार मिनिटांचे पस्तीस सेकंद झाले. ती १४० एमबीची फाईल सेव्ह व्हायला आता मी श्वास रोखत नाही.

रॅम: आता तिला अर्थ आला

६४ बिट झाल्याबरोबर आधी फुकट गेलेली पट्टी कामी आली. ८ जीबी पूर्ण दिसू लागली. दोन्ही स्लॉटमध्ये एकसारख्या पट्ट्या असल्यामुळे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी वाचणं) मात्र पट्टी लावली तेव्हापासूनच सुरू होतं, त्याला ६४ बिट लागत नाही. १६०० च्या डीडीआर-३ ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन मिळून त्याच्या दुप्पट. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना हे जाणवतं, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

एच-८१ वर दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी. पत्रिका, ब्राऊझर आणि टॅली एवढंच असेल तर ८ पुरेत. फोटोशॉपमध्ये मोठे फ्लेक्स करत असाल तर ८-८ च्या दोन पट्ट्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ची खाच वेगळ्या ठिकाणी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्या. आणि वापरलेली डीडीआर-३ घेताना एक गोष्ट ठामपणे विचारा: ही इंटेलच्या बोर्डावर चालेल ना? बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवरच चालतात. दिसायला अगदी सारख्या, पण आपल्याकडे लावल्या की पडदा काळा.

पट्टी लावल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. सोनेरी दाते पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, कीस झटका, दोन्ही बाजूंचे टाचे "टक्" आवाज करेपर्यंत दाबून बसवा. मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. जुनी पट्टी खराब असेल तर फाईली हळूहळू बिघडत जातात, आणि ते लक्षात येतं तोवर फार उशीर झालेला असतो.

उन्हाळ्यातलं रखडणं वेगळं

एप्रिल-मे महिन्यात दुपारी मशीन मंद होतं आणि संध्याकाळी ठीक चालतं, असं असेल तर एसएसडी आणि रॅम दोघींचाही काही संबंध नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा. काम भरपूर आहे, आणि ३.२ च्या जागी वेग खाली खाली घसरतोय, तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतोय. कोअर टेम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडा दिसतो. माझा ९७ अंशांवर गेला होता. या प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास आहे.

मशीन बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. धूळ, कागदाचे बारीक कण आणि लेझर प्रिंटरच्या टोनरची काळी भुकटी मिळून वाकळेसारखा एक जाड थर बसला होता. चिमटीत धरला तर अख्खा निघाला. पंख्याचे चारही खिळे बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढले, पंखा उचलला. खालची, प्रोसेसरची उष्णता वर नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखाने उकरली तर पापुद्रे निघाले. कापसाला स्पिरिट लावून दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे केले, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली, आणि खिळे परत उलटे फिरवून समोरासमोरच्या जोडीने दाबले. एका कडेचे दोन आधी दाबले तर पंखा तिरका बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. त्या दुपारी तोच फ्लेक्स करताना आकडा ६८ वर थांबला. पेस्टच्या ट्यूबला दोन चहांपेक्षा जास्त पैसे पडले, पण सगळ्या खर्चांत हा सर्वात लहान.

मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होणं

हा त्रास मला वर्षभर होता, आणि मी तो मंदपणाचाच भाग समजत होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद यायची. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं. कारण सांगत नाही. कारण मला वहीत सापडलं. प्रत्येक वेळी बंद पडल्यावर वेळ आणि चालू काम लिहायला लागले, आणि सातपैकी सहा वेळा लेझर प्रिंटरला प्रिंट दिल्याबरोबर हे घडलेलं होतं.

प्रिंटर त्याच यूपीएसवर होता. ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. लेझर प्रिंटर रूळ तापवायला लागला की तेवढे वॅट एकटाच खेचतो. प्रिंटरची वायर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला नेली आणि त्रास संपला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचाच नसतो, हे आम्हाला विकताना कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे प्रिंटर नसतानाही हे होत असेल, तर एसएमपीएसकडे बघा. बारा व्होल्टच्या तारेवर, म्हणजे पिवळ्या, मशीन राबत असताना मल्टिमीटरला ११.४ ते १२.६ च्या आत आकडा मिळायला हवा. बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर बोर्डाचेच दिवस भरलेत. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत झटका देण्याइतका भार राहतो. बदलायचा असेल तर चांगला घ्या, तो पुढच्या मशीनलाही चालेल. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएसची जोडणी वेगळी असू शकते, तेवढं बघून.

आणि तारीख रोज सकाळी मागे जात असेल, बँकेची आणि सरकारी संकेतस्थळं "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असतील, तर ते इंटरनेट नाही, बोर्डावरचा सीआर-२०३२ चा सेल आहे. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

ज्यांना हात लावला नाही

याच सॉकेटला बसणारा आय-७ ४७९० वापरलेला मिळतो. चार कोअर तेच, थ्रेड (एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे) आठ. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, आणि प्रोसेसर सतत शंभरला चिकटलेला दिसत असेल तर विचार करायला हरकत नाही. माझा ११ टक्क्यांवर होता. तिथे आय-७ घालून मी काय मिळवलं असतं?

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. कोरलला आणि टॅलीला या प्रोसेसरमधलं एचडी ४६०० पुरतं. मुलांना खेळायचं असेल तर कार्ड हवं, आणि तेव्हा स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटच्या आत भागणारं घ्या, नाहीतर पाठोपाठ एसएमपीएसही आला.

बोर्ड गेला तर त्या दिवशी खर्च थांबवायचा, असं मी ठरवून टाकलंय. या सॉकेटचा बोर्ड नव्याने शोधून बसवणं म्हणजे जुन्या साडीला नवा काठ लावणं. पैसा कुठे घालायचा याचा माझा हिशेब साधा आहे: जे पुढच्या मशीनमध्ये सोबत येणार ते नवं आणि चांगलं घ्यायचं, म्हणजे साटा एसएसडी, यूपीएस, मॉनिटर, एसएमपीएस. जे या बोर्डासोबतच संपणार ते वापरलेलं आणि गरजेपुरतंच, म्हणजे डीडीआर-३ आणि प्रोसेसर.

विंडोज १० चं काय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे चौथ्या पिढीचं हे मशीन कितीही सुधारलं तरी तिथे अधिकृतपणे पोचत नाही. अटी चुकवून ११ टाकून देणारे आहेत. पण ग्राहकांची आधार कार्डं आणि बँकेची कामं ज्या मशीनवर होतात तिथे मी ते करणार नाही. नुसतं इंटरनेट, टायपिंग आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर अशा मशीनवर लिनक्स मिंट उत्तम चालतं, माझ्या वडिलांकडे तेच आहे.

मी कामं वाटून घेतली. नेट, बँक आणि अर्ज भरण्यासाठी एका ऑफिसातून निघालेलं आठव्या पिढीचं मशीन घेतलं. जुनं मशीन डोंगलसोबत नुसत्या पत्रिकांसाठी ठेवलं. त्याच्या मागची नेटची वायर काढून गुंडाळून कॅबिनेटवर ठेवली आहे. पत्रिका जुन्यावर जुळवायची, पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यायची, नव्यावर आधी तपासायची आणि तिथून ग्राहकाच्या व्हॉट्सॲपला. जुन्या लिपीतले नमुने रोज पाच, असे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणतेय. साडेतीनशे झालेत, अजून सहाशेच्या आसपास बाकी आहेत, आणि बोर्ड तोवर टिकावा एवढंच माझं त्याच्याकडे मागणं आहे.